उजेड बघण्यापुरता

गिऱ्हाईक स्टुलावर बसायच्या आधी सुकुमार बसायचा, ही आमच्या स्टुडिओची पद्धत. ती कुणी मुद्दाम ठरवली नव्हती. दिवे लावल्यावर उजेड बघायला कुणीतरी समोर लागायचं, सुकुमार तेवढ्यात मोकळा असायचा, म्हणून तो बसला. पुढं अठ्ठावीस वर्षं तोच बसत राहिला.

सुकुमार माझा धाकटा भाऊ, माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. बेलवंड्यात आमचा मगदूम फोटो स्टुडिओ होता. मी, भूपाल, कॅमेऱ्यामागं उभा राहायचो आणि बाकीचं सगळं तो बघायचा. पडदे सोडणं, उजेड मऊ करणाऱ्या छत्र्या उभ्या करणं, रडणाऱ्या पोरांना गप करणं, नवरीच्या मामाला फ्रेमबाहेर काढणं, सगळं. आमच्या भागातली माणसं कॅमेऱ्यासमोर बसली की खांबासारखी ताठ होतात. मग सुकुमार आधी स्टुलावर बसायचा, जरासं हसायचा, मी एकदोन फोटो काढायचो आणि तो गिऱ्हाइकाला पडद्यावर दाखवायचो. "हे असं. यात भ्यायचं काय?" एवढं झालं की मी म्हणायचो, "उजेड बरोबर आहे." ते ऐकल्याबरोबर तो उठायचा आणि गिऱ्हाईक बसायचं.

उजेड बघण्यापुरता काढलेला फोटो पुसून टाकायचा असतो. मी पुसत नव्हतो. मी त्याला आळस म्हणायचो, सुकुमारची बायको त्रिशला त्याला माया म्हणायची. आता विचार केला तर दोन्ही खरं होतं. या दोन्हींपैकी एक जरी नसतं, तरी माझा भाऊ आज घरी असता.

*

मला गावात पाठीमागं 'सेन्सर अण्णा' म्हणायचे. मला ते माहीत होतं आणि त्याचा रागही नव्हता. मोबाइल पुढं करून "अण्णा, ह्यात पण तसंच येतंय की, मग तुमच्याकडं कशाला यायचं?" असं कुणी म्हणालं की मी त्याला धरून मागच्या अंगणात न्यायचो. तिथं एक परात आणि औषधाच्या बाटलीचं बूच ठेवलेलं असायचं. झारीनं वरून पाणी शिंपडायचं आणि म्हणायचं, मोज.

गोष्ट सोपी आहे. प्रकाश सलग येत नाही, थेंबाथेंबांनी येतो. कॅमेऱ्यातला सेन्सर म्हणजे ते थेंब धरणारं भांडं. भांडं मोठं असलं की थेंब जास्त पडतात. पण मुद्दा नुसत्या संख्येचा नाही. थेंब नियमानं पडत नाहीत, जरा इकडं, जरा तिकडं पडतात. दहा हजार थेंब पडणार असतील तर त्यात शंभरेक कमीजास्त होतात. म्हणजे शंभरात एकाची चूक, कुणाला दिसतही नाही. पण नऊच थेंब पडणार असतील तर त्यात तीन कमीजास्त होतात. म्हणजे तिसरा हिस्सा चूक! फोटोत जे दाणे दाणे दिसतात ते हेच. माझ्या स्टुडिओतल्या कॅमेऱ्याचा सेन्सर दोन टपाल तिकिटं शेजारी ठेवावीत एवढा होता. मोबाइलमधला, रस्त्यावरच्या कॅमेऱ्यातला असतो मसुरीच्या दाण्याएवढा, क्षेत्रफळानं नव्वदाव्या भागाचा. भर उन्हात दोन्हींत फरक कळत नाही, कारण उन्हात बूचसुद्धा भरून वाहतं. अंधारात मात्र बूच कोरडं राहतं.

"मग माझ्या मोबाइलमध्ये अंधारात चेहरा कसा स्वच्छ येतो?" असं एखादा शहाणा विचारायचाच.

"येत नाही," मी म्हणायचो. "तो काढलेला असतो."

लोक हसायचे. त्यांना वाटायचं, म्हातारा धंदा बसला म्हणून चिडलाय. धंदा बसला होता हेही खरंच.

*

२०३४ साली गावात 'पूर्णदृष्टी' आली. चौकाचौकांत, गल्लीच्या तोंडाला, रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यात कॅमेरे बसवायचे होते. कॅमेरे बारीक, मसुरीवाले. सेन्सरवर उजेड कमी पडला तर उरलेला चेहरा यंत्र आपल्या शिकवणीतून भरणार. त्यासाठी त्याला गावातले चेहरे आधी दाखवायला हवेत. आणि गावातले सगळे चेहरे एका जागी कुठं होते, तर माझ्या कपाटातल्या डिस्कांमध्ये.

कंपनीकडून एक मुलगी आली, ऋजुता साबडे. हुशार, बोलायला मोकळी. तिनं माझं परातीचं प्रवचन न कंटाळता ऐकलं, उलट मीच चुकलो होतो तिथं दुरुस्त केलं. मला तेवढं पुरलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ते पूर्ण ऐकून घेतलं होतं.

"काका, तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. "इतक्या लहान सेन्सरवर अंधारात जे येतं त्याला फोटो म्हणता येत नाही. म्हणून तर आम्हाला तुमची गरज आहे. यंत्राला नुसतं चेहरे भर म्हटलं तर ते कुठले तरी परदेशी चेहरे भरतं. इथली नाकं, इथली कपाळं कशी असतात हे त्याला तुमच्याकडून कळेल."

"आणि माणूस गावातला नसेल तर?"

"तर गावातल्या त्यातल्या त्यात जवळच्या चेहऱ्याकडे झुकेल. पण तसं क्वचितच होईल."

नगरपंचायतीनं माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, 'गावाच्या चेहऱ्यांचा राखणदार' असं लिहिलेली पाटी. सुकुमार पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. सही करायच्या कागदावर सतरा कलमं होती. अकरावं कलम असं होतं, की चाचणीचे आणि एकाच व्यक्तीचे पुन्हापुन्हा काढलेले फोटो वगळून द्यावेत. त्याच्यापुढं चौकोन होता, 'वगळले आहेत.' सत्तर हजार फोटो होते. कोण बसतंय निवडत! मी चौकोनात बरोबरची खूण केली आणि डिस्का दिल्या.

त्या सत्तर हजारांत अकरा हजार चारशे फोटो सुकुमारचे होते. गावात दुसऱ्या कुणाचेही चाळीसपेक्षा जास्त नसतील. माझा तर एकही नव्हता. मी कायम कॅमेऱ्यामागं.

*

अपघात झाला २०३८ च्या जानेवारीत, सकाळी सातला. मालन गुरव, आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या बाई, भुयारी रस्त्यातून चालत चालल्या होत्या. मागून मोटारसायकल आली, धडक बसली, त्या भिंतीवर आपटल्या आणि जागीच गेल्या. मोटारसायकलवाला थांबला नाही. बाई गावाच्या लाडक्या होत्या. अख्ख्या गावाची पोरं त्यांच्या हाताखालून गेली होती. दुपारपर्यंत दुकानं बंद झाली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता पोलीस सुकुमारच्या दारात आले. मी शेजारीच राहतो. आरडाओरडा ऐकून धावत गेलो तर तो दारात उभा होता, हातात दुधाचं भांडं, आणि त्रिशला पोलिसांना विचारत होती, "कुणाला पायजे? दुसरं कोण असंल. नीट बघा की."

"बाई, नीटच बघितलंय," फौजदार म्हणाले. ते काही वाईट बोलत नव्हते. त्यांनी हातातला पडदा आमच्यापुढं धरला.

मी वाकून फोटो बघितला. मोटारसायकल धूसर, भिंत धूसर, नंबरपट्टीच्या जागी राखाडी ठिपके. आणि मधोमध सुकुमारचा चेहरा, भुवईवरच्या तिळासकट, लख्ख. खाली लिहिलं होतं: ओळख, सत्त्याण्णव टक्के.

"नंबर का दिसत नाही?" मी विचारलं.

"नंबर यंत्राला भरता येत नाही, अण्णा. कायदा आहे. आकड्यात अंदाज चालत नाही."

"आणि चेहऱ्यात चालतो?"

फौजदारांनी काही कायदा केलेला नव्हता.

मग मला दिसलं. आधी घाबरल्यामुळं दिसलं नव्हतं. भुयारी रस्त्यात एकच दिवा आहे, तो माथ्यावर, छतात. त्याच्याखाली माणसाच्या डोळ्यांत काळोख पडतो, नाकाची सावली सरळ ओठांवर उतरते. फोटोतल्या चेहऱ्यावर उजेड डावीकडून येत होता, जरा वरून, मऊ. नाकाची सावली उजव्या ओठाच्या टोकाअलीकडं थांबली होती. अठ्ठावीस वर्षं रोज सकाळी मी ती सावली तिथं आणून थांबवत होतो. ती माझी छत्री होती. आणि ते हसू, जरासं, भ्यायचं काय यात असं सांगणारं. माणसाला धडक देऊन पळणारा कुणी तसं हसतो का?

"हा फोटो मी काढलाय," मी ओरडलो. "हा माझ्या स्टुडिओतला आहे!"

फौजदारांनी मला खुर्ची दिली आणि पाणी मागवलं. त्यांना वाटलं, धक्क्यानं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

*

ऋजुतानं फोन उचलला, एवढं तिचं मानलं पाहिजे. मी सांगितलेलं तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"किती फोटो होते त्यांचे?"

"अकरा हजार चारशे."

"अरे देवा," ती म्हणाली. मग हळूहळू सांगू लागली. त्या वेळी भुयारात इतका कमी उजेड असेल की चेहऱ्याच्या जागी यंत्राच्या हाती मोजून काही ठिपके आले असतील. डोकं आहे, पुरुष आहे, गव्हाळ आहे, एवढंच. गाडीवाला बाहेरगावचा असेल, म्हणजे त्याचा चेहरा शिकवणीत नाही. अशा वेळी यंत्र विचारतं, या गावात असा चेहरा बहुतेक कुणाचा असतो? आणि या गावात सगळ्यात जास्त चेहरे सुकुमार मगदूमचे होते.

"मग सत्त्याण्णव टक्के कसले?"

"तो चेहरा सुकुमारकाकांशी किती जुळतो, त्याचे. पण चेहरा काढला यंत्रानं आणि ओळखलाही यंत्रानंच. जुळणारच तो."

"मूळचा फोटो काढून दाखव ना. ठिपक्यांचा. लोकांना कळेल तरी, की तिथं कुणीच नाहीये."

"तो ठेवत नाहीत, काका. जागा लागते. भरलेला चेहरा ठेवतात आणि मूळचा पुसतात."

"आणि माझे फोटो? तुमच्याकडं असतील ना?"

"शिकवून झालं की नष्ट करायचे, असा करार असतो. लोकांच्या खासगीपणासाठी." मग ती म्हणाली, "काका, तुम्ही अकराव्या कलमावर खूण केली होती."

मी फोन ठेवला. महिन्याभरानं पुन्हा लावला तेव्हा ती त्या कंपनीत नव्हती.

*

सुकुमारला जामीन मिळाला. आमचे वकील कुडचे, मिरजेचे, माणूस सरळ. त्यांनी कोर्टाकडून एक परवानगी मिळवली. घटनास्थळी, त्याच वेळी, पाच परक्या माणसांना मोटारसायकलवरून नेऊन बघायचं. पाचांपैकी एकाच्याही जागी सुकुमार उमटला तर खटला संपला. परवानगी एकदाच होती.

त्या आठवड्यात मी नीट जेवलोसुद्धा, इतका मी निर्धास्त होतो. कुडचेंनी मिरजेतून पाच जण आणले, एकेकाला सकाळी सातला भुयारातून सोडलं. सरकारी वकील, कोर्टाचा माणूस, कंपनीचा नवा इंजिनियर, सगळे पडद्याभोवती जमले. पहिला आला, पडद्यावर त्याचाच चेहरा होता. दुसरा आला, त्याचाही स्वतःचाच. डोळ्यांत काळोख, नाकाची सावली सरळ ओठांवर, थकलेला, मिरजेचा. पाचही जण स्वतःचेच चेहरे घेऊन आले.

मी छताकडं बघितलं. माझं म्हातारपण, माझी घाई, माझं निर्धास्तपण, काय म्हणायचं ते म्हणा. आत शिरताना मी वर बघितलंच नव्हतं. कॅमेऱ्याची काच पूर्वी शर्टाच्या गुंडीएवढी होती, आता लिंबाएवढी होती.

"हा बदललाय," मी म्हणालो. "सेन्सर मोठा टाकलाय. हा खरंच फोटो काढतोय!"

"अपघातानंतर नगरपंचायतीनं सुधारणा मागितली होती," नवा इंजिनियर म्हणाला. "सगळ्या गावातले बदलले. नोंदीत ती दुरुस्तीच धरली जाते. यंत्रणा तीच आहे."

"जुने कुठं आहेत?"

"दुसऱ्या खात्याकडे वर्ग केले असतील. त्याची यादी माझ्याकडे नाही."

कोर्टाच्या माणसानं लिहून घेतलं: यंत्रणेनं पाचही चेहरे अचूक टिपले. मी जन्मभर ज्या मोठ्या सेन्सरच्या आरत्या ओवाळल्या, त्यानंच माझ्या भावाविरुद्ध साक्ष दिली. पाच जण मिरजेच्या गाडीत बसून निघून गेले. मी तिथंच भिंतीला टेकून उभा राहिलो. मालनबाईंसाठी कुणीतरी तिथं झेंडूची फुलं ठेवली होती.

*

साक्षीच्या पिंजऱ्यात मी परात आणि बूच सांगितलं. न्यायाधीशबाईंनी शांतपणे ऐकलं. मग सरकारी वकील उठले.

"मगदूम, कंपनीला दिलेल्या कागदावर ही खूण तुमची?"

"माझी."

"चाचणीचे फोटो वगळले आहेत, असं इथं म्हटलंय. हे खरं की खोटं?"

"खोटं. मी वगळले नव्हते."

"म्हणजे तेव्हा तुम्ही खोटं लिहून दिलंत."

"आळसानं."

"आणि आज, सख्ख्या भावाचा प्रश्न असताना, खरं सांगताय."

मी घरच्या डिस्का पुढं केल्या, अकरा हजार चारशे फोटो. ते म्हणाले, हे तुमच्याकडं आहेत हे मान्य, पण हेच तिकडं दिले होते याला पुरावा काय? मग मी शेवटचं जवळ होतं ते काढलं. नियमानं माणसाला रस्त्यावरच्या कॅमेऱ्यातला स्वतःचाच फोटो मागता येतो, दुसऱ्याचा नाही. कॅमेरे बदलायच्या आधीचा, बाजारगल्लीच्या अंधाऱ्या बोळातला माझा स्वतःचा फोटो मी जागा आणि वेळ सांगून मिळवला होता. पांढऱ्या केसांखाली सुकुमारचा चेहरा होता, तीळ आणि हसू दोन्हीसकट. माझा चेहरा शिकवणीत नव्हता ना!

सरकारी वकिलांनी फोटो बघितला, माझ्याकडं बघितलं, सुकुमारकडं बघितलं.

"सख्खे भाऊ आहात. दिसणारच की सारखे."

कोर्टात हसू फुटलं. कुडचेसुद्धा ओठ आवळून खाली बघत होते. मला कुणाचाच राग आला नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हसलो असतो.

*

निकालाआधी आठ दिवस त्रिशला दुपारची माझ्याकडं आली. "अण्णा, ह्यांच्याशी बोला जरा. ते जेवत न्हाईत. सारखा त्यो फोटू बघत बसत्यात."

सुकुमार बंद स्टुडिओत होता. त्यानं एक खिडकी उघडली होती आणि स्टुलावर बसला होता. वकिलांनी दिलेली फोटोची प्रत मांडीवर होती. दाढी वाढली होती, पांढरी झाली होती. माझ्या भावाची दाढी कधी पांढरी झाली, मला माहीत नव्हतं.

"अण्णा, त्या दिवशी मी गाडीवरनं बस्तीत भगवंताच्या दर्शनाला गेलतो," तो म्हणाला. "परत येताना भुयारातनंच आलो. रोजच येतोय."

"माहीत आहे. साडेसहालाच आलास तू, सातला नाही."

"घड्याळ कुठं बघितलं मी? साडेसहा आसंल म्हणून सांगितलं." तो फोटोकडं बघत होता. "मधी गाडी आदळली. खड्डा हाय तिथं, पाणी साठतंय. मला वाटलं, खड्डाच."

"खड्डाच होता तो. सुकुमार, अरे, तू रोज त्या खड्ड्यात आदळतोस."

"व्हय. रोज आदळतोय, म्हणून तर मागं बघितलं न्हाई." त्यानं मांडीवरचा फोटो सरळ केला. "माझ्या पोरीला बाईंनी अक्षरं शिकवली गा. आणि मी मागं बघितलं न्हाई."

मी त्याचे खांदे धरले, हलवले, ओरडलो. सावली दाखवली. म्हटलं, ही छत्री बघ, तूच उभी करायचास ना ही? हे हसू बघ, हे तू गिऱ्हाइकाला दाखवायला हसायचास. तू तिथं नाहीस. तिथं कुणीच दिसलेलं नाही, कॅमेऱ्याला काही दिसलंच नव्हतं!

त्यानं माझं सगळं ऐकलं. त्यानं आयुष्यभर माझं ऐकलंय.

"अण्णा, तू सांगतोयस ते खरं आसंल. पण तुझं म्हणणं माझ्यासाठीच हाय. हे," त्यानं फोटोवर हात ठेवला, "हे कुणासाठीच न्हाई. आणि मला आठवून बघितलं की आता हेच आठवतंय. आधी काय आठवत होतं, ते न्हाई आठवत."

त्या क्षणी मला कळलं की खटला संपला. बाहेरच्या लोकांना पटवणं निराळं. ज्याला काही करून सोडवायचं, त्याच्याच डोक्यात ते यंत्र जाऊन बसलं होतं. थोडे ठिपके होते, एक आदळणं, पाणी, अंधार, आणि उरलेलं त्यानं भरून घेतलं होतं.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशबाईंनी विचारलं, काही सांगायचंय? सुकुमार उभा राहिला आणि म्हणाला, "फोटोत मीच हाय. मला माफ करा." मालनबाईंचा मुलगा समोर बसला होता, त्याला हात जोडून म्हणाला. तो मुलगा रडायला लागला आणि त्रिशला मटकन खाली बसली. पाच वर्षांची शिक्षा झाली. कबुली दिली म्हणून सातातली दोन कमी झाली, असं कुडचे म्हणाले.

*

तुरुंग इथून दोनशे किलोमीटरवर आहे. भेटी पडद्यावरच होतात, पंधरा दिवसांतून एकदा, दहा मिनिटं. तालुक्याच्या कचेरीत एक खोली आहे, तिथं आम्ही बसतो. दोन महिन्यांनी मिळालेल्या पहिल्या भेटीला त्रिशलानं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. मी तिला म्हटलं, अगं, त्याला कुठं एवढं दिसणार आहे. ती म्हणाली, दिसू दे न्हाईतर नको दिसू दे.

पडदा उजळला आणि सुकुमार समोर आला. दाढी केलेली, गाल भरलेले, डोळे स्वच्छ. मागं नुसती करडी भिंत, धूसर.

"अगं बाई," त्रिशला म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "बरं दिसताय की. लईच बरं दिसताय. मी काय काय डोक्यात घेऊन बसलेली!"

"जेवण बरं हाय," सुकुमार म्हणाला. आवाज बारीक, थकलेला, म्हाताऱ्याचा होता. चेहरा मात्र जरासा हसत होता.

मी खुर्ची पुढं ओढली. नाकाची सावली उजव्या ओठाच्या टोकाअलीकडं थांबली होती.

"सुकुमार, तिथं खिडकी आहे का? तुझ्या डाव्या हाताला?"

"न्हाई अण्णा. बारीक खोली हाय, बसायला एक स्टूल. वर एक दिवा हाय, त्यो पण मिणमिणता."

"आणि कॅमेरा? काच केवढी आहे त्याची?"

तो जरा वाकला असावा. पडद्यावरचा चेहरा हलला नाही, नुसता मोठा झाला.

"शर्टाच्या गुंडीएवढी. का?"

आमच्या गावातले काढलेले कॅमेरे कुठल्या खात्याकडं गेले, ते मला तिथं कळलं. पण कळून उपयोग काय? तो कॅमेरा समोर सुकुमारला बघत होता आणि सुकुमार दाखवत होता. यात चूक कुणाला दाखवणार? जगात एकाच माणसाच्या बाबतीत ते यंत्र कधी चुकणार नाही, आणि तो माणूस माझा भाऊ आहे.

"दाढी केलीस का?" मी विचारलं.

"न्हाई. लई वाढलीया," तो म्हणाला. गुळगुळीत हनुवटी हलली. मग खोकला आला, बराच वेळ, आतून येणारा. पडद्यावरचा चेहरा सगळा वेळ तसाच प्रसन्न होता, चाळिशीतला, बरा झालेला.

"थंडी असंल तिकडं," त्रिशला म्हणाली. "पण तब्येत सुधारलीया. व्हय न्हवं अण्णा?" ती माझ्याकडं वळली. आठ महिन्यांत तिचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला होता. दाढीचं तिनं ऐकलंच नव्हतं, किंवा ऐकून सोडून दिलं होतं. समोर दिसत होतं ना.

मला तिला सांगायचं होतं. हा तो नाही. हा मी २०१५ सालात, पाटलांच्या पोराच्या मुंजीच्या नाहीतर कुणाच्या तरी साखरपुड्याच्या आधी, उजेड बघण्यापुरता काढलेला आहे. तो कसा झालाय, किती वाळलाय, त्याच्या डोळ्यांत काय आहे, हे आपल्याला पाच वर्षं दिसणार नाही. तोंडापर्यंत आलेलं मी गिळलं. तिच्याजवळ दुसरं काय होतं?

"हो," मी म्हणालो. "सुधारलीय."

तीन मिनिटं उरली होती. त्या थकलेल्या आवाजात सुकुमारनं विचारलं, "अण्णा, हितं आरसा न्हाई. दोन महिने झालं मी मला बघितलं न्हाई. कसा दिसतोय मी?"

त्रिशला माझ्याकडं बघत होती. पडद्यावर तो माझ्याकडं बघत होता, किंवा मला माहीत नसलेल्या कुठल्या तरी बाजूला बघत असेल. अठ्ठावीस वर्षांत त्याच्या चेहऱ्याबद्दल मी एकच वाक्य बोललेलो होतो. दुसरं मला येत नव्हतं.

"उजेड बरोबर आहे," मी म्हणालो.

आणि वेळ शिल्लक असताना, सवयीनं, सुकुमार स्टुलावरून उठला.